पाच स्टार आणि उसनी मेंढरं

निवृत्त झाल्यावर माझ्या मैत्रिणींपैकी दोघी भजनी मंडळात गेल्या, एक नातवंडं सांभाळायला परदेशी गेली, आणि मी क्रिप्टोत गेले. हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत मुद्दाम टाकते आणि समोरच्याचं तोंड बघत बसते. तो आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो, मग डोक्यापासून पायापर्यंत मला न्याहाळतो, आणि शेवटी आवाज खाली आणून विचारतो, "वहिनी, किती बुडाले?"

एक रुपयाही बुडालेला नाही, कारण एक रुपयाही घातलेला नाही. मी फक्त मोजते. बँकेत होते तेव्हा शेळ्या-मेंढ्यांच्या कर्जाची पाहणी करायला जतच्या माळावर फिरायचे आणि मेंढरं मोजायचे. आता सांगलीत खुर्चीवर बसून नाणी मोजते. ऊन लागत नाही आणि नाणी लेंड्या टाकत नाहीत, एवढाच काय तो फरक.

ही सगळी माझ्या भाचीची, मृणालची करणी. पोरगी पुण्यात संगणकाच्या चांगल्या नोकरीत होती. ती सोडून सांगलीला परत आली आणि हळदीच्या वखारीवरचा मजला भाड्याने घेऊन बसली. हंगामात खालून असा धुरळा उठतो की तिचा पांढरा लॅपटॉप हळद लावलेल्या नवरीसारखा पिवळा झाला. मला म्हणाली, "मावशी, कोड मी लिहीन. मला संशय घेणारं माणूस हवंय." माझ्या या गुणाची एवढी कदर आजवर कुणी केली नव्हती. घरात तर त्यावरून भांडणंच झाली होती. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन हजर.

आता हे काम काय ते सांगते. घाबरू नका, सुरुवातीला मलाही काही कळलं नव्हतं. क्रिप्टो म्हणजे आभासी नाणी, आणि ती जिथे विकली-घेतली जातात ते दुकान म्हणजे एक्स्चेंज. लोक नाणी घेतात आणि बहुतेक वेळा त्याच दुकानात ठेवून घरी जातात. मग दुकान विश्वासाचं आहे की नाही हे कसं कळणार? त्यासाठी स्टार देणाऱ्या वेबसाइट असतात. या एक्स्चेंजला चार स्टार, त्याला पाच. पण हे स्टार कशावरून दिले हे बघायला गेलं, तर पुष्कळ वेळा आकडे त्या एक्स्चेंजनेच पुरवलेले असतात. म्हणजे नवऱ्या मुलाची चौकशी नवऱ्या मुलाकडेच करायची आणि वर त्याचे आभार मानायचे.

इथे आम्ही येतो: ते आकडे आम्ही स्वतः तपासतो आणि पैसे ठेवू बघणाऱ्याला अहवाल देतो. प्रत्येक नाणं कुठून कुठे गेलं याची नोंद ब्लॉकचेनवर होते. गावच्या चावडीवर एक मोठा फळा आहे असं समजा. त्यावर एक ओळ लिहिली की तीच ओळ जगातल्या हजारो चावड्यांवरच्या फळ्यांवर उमटते. एका फळ्यावरची पुसली तर बाकीचे फळे खोटं पाडतात. फळ्यावर नावं नसतात, अक्षरांचे आणि आकड्यांचे लांबलचक पत्ते असतात, पण कुठला पत्ता कुणाचा हे शोधता येतं. एक्स्चेंज म्हणालं, हा पत्ता आमचा, तर आम्ही म्हणतो, मग आम्ही सांगू तेवढी चिल्लर त्यातून हलवून दाखवा. मेंढपाळाला नव्हतो का म्हणत, कळप तुझा असेल तर हाक मार, बघू वळतो का!

मग मोजायचं. एवढी नाणी आहेत म्हणता, तर फळ्यावर तेवढी दिसतात का? रोज मोठी उलाढाल होते म्हणता, तर आत-बाहेर तेवढी नाणी ये-जा करतात का? काही ठिकाणी बाजार भरल्याचा गलका स्पीकरवर चालू असतो आणि फाटकातून चार माणसं जात-येत असतात. एक मात्र कबूल करते: फळ्यावर दुकानातला माल दिसतो, दुकानदाराची देणी दिसत नाहीत. म्हणून आम्ही कुणालाही "डोळे मिटून पैसे ठेवा" असं लिहून देत नाही. मृणाल म्हणते, आमच्या धंद्याची जाहिरातच करता येत नाही.

गिऱ्हाइकं मात्र एकेक अशी येतात की फुकटची करमणूक. खालच्या वखारीतले एक शेठ एकदा वर आले, दार लावून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, त्या ब्लॉकचेनवरची माझी एक एंट्री तेवढी पुसायची होती. भावाला दिसली तर घरात रामायण हुईल."

"शेठ, ती कुणालाच पुसता येत नाही."

शेठनी मला डोळा घातल्यासारखं केलं. "वर कोण वळखीचं न्हाई का?"

या प्रश्नावर आम्ही दोघी आठवडाभर हसत होतो. वर कुणीच नाही, हीच तर त्या फळ्याची खुबी! पण आमच्या भागात हे पटवून देणं फार अवघड.

दुसरे एक महाशय एका एक्स्चेंजचे प्रतिनिधी म्हणून साताऱ्याहून आले. टेबलावर कंदी पेढ्यांचा मोठा पुडा ठेवला आणि "अहवालात जरा गोडवा असू द्या" म्हणून निघून गेले. मी पुडा परत पाठवायला निघाले तर तो हलका लागला. मृणालच्या ओठांवर खवा होता. शेवटी आम्ही साताऱ्याहून तेवढ्याच वजनाचे पेढे मागवून त्यांना परत केले आणि अहवालात जे होतं ते लिहिलं. पेढे उत्तम होते, एक्स्चेंज बेकार होतं.

सगळंच हसण्यासारखं नसतं. मिरजेचे एक तंबोरे बनवणारे गृहस्थ आले होते. त्यांचं एक्स्चेंज आम्ही तपासायच्या आतच बंद पडलं होतं. "भोपळा घेताना वाजवून घेतो मी," म्हणाले, "ह्ये न वाजवताच घेतलं. पाच स्टार हुते ओ." त्यांच्यासाठी आम्हाला काहीच करता आलं नाही. आमचं काम मोजण्याचं, परत आणून देण्याचं नाही. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, आणि अजून वाटतं.

पण मला सांगायचंय ते धुळाआबांचं.

एका दुपारी जिन्यात खाकरल्याचा आवाज आला आणि दारात लाल मुंडासं उभं राहिलं. पांढऱ्या मिशा, स्वच्छ धोतर, आणि पायात हिरवेगार स्पोर्ट्स शूज.

"मॅडम, वळखलं का?"

"नाही बुवा."

"मी धुळा. जतचा. त्या मेंढ्यानं तुमची पर्स खाल्ली हुती न्हवं?"

मी खुर्चीतून उठलेच! माझ्या नोकरीतला तो सोन्याचा दिवस होता. सकाळी मी धुळाआबांच्या चुलतभावाच्या वस्तीवर मेंढरं मोजायला गेले होते. मोजता मोजता एक काळ्या तोंडाचा मेंढा माझ्या पर्सचा पट्टा चघळत बसला. त्याच्या तोंडातून पट्टा सोडवला, कागदावर सही घेतली, चुलतभावाने आग्रहाने जेवायला बसवलं. जेवणही कसं, संपता संपेना. दुपारी टेकडीपलीकडे धुळाआबांच्या वस्तीवर गेले. आबा हात जोडून पुढे आले, "मोजा मॅडम, समदी घरची." मी मोजायला लागले, आणि कळपातून काळ्या तोंडाचा एक मेंढा सरळ माझ्याकडे चालत आला आणि सकाळी अर्धवट राहिलेला पट्टा पुन्हा चघळायला लागला.

मी जेवत होते तेवढ्यात चुलतभावाची निम्मी मेंढरं टेकडीला वळसा घालून आबांकडे पोचली होती. ते कर्ज अर्थातच झालं नाही.

"तवा तुमी मला पकडलं," आबा खुर्चीवर मांडी घालत म्हणाले. "तुमच्या आदी किती सायेब आले, मोजून गेले. कुणाला घावलं न्हाई. म्हून तुमच्याकडं आलोय. दुसऱ्या कुणावर माझा इस्वास न्हाई."

माझ्या कामाची याहून मोठी पावती मला बँकेने कधी दिली नाही.

मग आबांनी खरं कारण काढलं. त्यांची धाकटी मुलगी सारिका मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स. तिला दहिवडीकडचं स्थळ आलं होतं. मुलगा अमोल, पुण्यात एका एक्स्चेंजमध्ये कामाला. गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचा, शंका निवारायचा.

"पोरीला पसंत हाय, पोराला पसंत हाय, त्याच्या आई-बाला पसंत हाय. एकट्या माझंच मन घिईना. त्यो म्हनतो, आबा, आमच्या कंपनीला पाच स्टार हायत. आता ह्ये स्टार खरं का खोटं, तुमी बघा. खरं असलं तर सुपारी फोडतो. खोटं असलं तर सोयरीक मोडली."

मृणालने घाईघाईने सांगून टाकलं, "आजोबा, आम्ही एक्स्चेंज तपासतो. मुलं तपासत नाही."

"पोराचं मी बघतो की. तुमी दुकान बघा."

बघायला बसलो. स्टार खरोखरच पाच. त्या एक्स्चेंजने दर तिमाहीला एक दिवस जाहीर केला होता. त्या दिवशी, म्हणे, जगाने यावं आणि आमची नाणी मोजून घ्यावीत. पारदर्शक कारभार! मृणालने त्यांचे पत्ते काढले, मी फळा वाचायला घेतला. जाहीर केलेल्या दिवशी नाणी होती. म्हटलं तेवढी होती. मृणालचा चेहरा खुलला. तिला तोवर त्या लग्नात फारच रस यायला लागला होता, कुठली साडी नेसायची तेही ठरलं असावं.

पण माझी जुनी खोड. मेंढरं मोजून झाली की मी बँकेची जीप टेकडीवर थांबवायचे आणि मागे वळून बघायचे. तसंच मोजणीच्या आदल्या दिवशीचं बघितलं, मग दुसऱ्या दिवशीचं. आदल्या दिवशी नाण्यांचा एक मोठा ढीग कुठल्याशा पत्त्यावरून आत आला होता. मोजणी झाल्यावर तेवढाच ढीग त्याच पत्त्यावर परत गेला होता. आकड्याच्या शेवटी दशांशांची भलीमोठी शेपटी होती, आणि जाताना, येताना, शेपटी तीच. मागच्या तिमाहीचं बघितलं, तेव्हाही तसंच. तो पत्ता दुसऱ्या एका एक्स्चेंजचा निघाला, आणि त्या एक्स्चेंजची मोजणी वेगळ्या दिवशी असायची.

"काळ्या तोंडाचा मेंढा!" मी टेबलावर हात आपटला. हळदीचा ढग उठला आणि आम्ही दोघी शिंकत सुटलो.

आबांना बोलावून पडद्यावर बाण काढून दाखवलं. हे इकडून आले, मोजले, हे तिकडे गेले. आबांनी पडदा नीट बघितला, मांडीवर थाप मारली आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"आरं तिच्या! टेकडीला वळसा घालून आणल्यात की!" मग मुंडासं सारखं केलं. "म्हंजी मोडायचं."

"आबा, मुलगा फोन घेतो. त्याला हे माहीत असेलच असं नाही."

"कळपात ऱ्हातो आन् कळप कुणाचा ते म्हाईत न्हाई व्हय?" असं म्हणून हिरवे शूज घालून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून सारिका आली. बसली नाही. "मॅडम, तुम्ही माझं लग्न मोडलंत," म्हणाली. आवाज शांत होता, म्हणून जास्तच लागला. खोटं सापडलं याचा आनंद मी आयुष्यभर निवांत उपभोगला होता. त्या आनंदाची किंमत दारात उभी राहून माझ्याकडे बघते आहे, असं पहिल्यांदाच होत होतं. मी तिला पडद्यासमोर बसवून सगळं दाखवलं. 

तिने ते बाण पुन्हा पुन्हा बघितले. "हे अमोलला पण दिसेल?"

"जगात कुणालाही दिसतं. बघायला गेलं तर."

तिने मोबाइलवर फोटो काढले आणि गेली.

आमचा अहवाल आम्ही नेहमीप्रमाणे गिऱ्हाइकांना पाठवला. मग आबांचा फोन आला. "मॅडम, रईवारी वस्तीवर या. पोराकडची येनार हायत. आमी नको म्हनून कळवाय निघालो तर पोरगीनं त्वांडाला कुलूप लावलंय, जेवंना. म्हून एक डाव टाकनार हाय. कंपनीचं मी त्वांडातनं काढनार न्हाई. नुसती मेंढरं दावनार हाय."

मला काही उमगलं नाही, पण मेंढरं म्हटल्यावर कोण थांबतंय! रविवारी मी आणि मृणाल पोचलो. अमोल म्हणजे एक उंच, किडकिडीत मुलगा. कडक इस्त्रीची पँट, आणि चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. वडील फौजेतून निवृत्त, ताठ. आई सारखी त्याची कॉलर नीट करत होती. सारिका दारात उभी होती. तिच्याकडे बघून काहीही कळत नव्हतं.

पोहे झाले. आबा उठले. "चला पाव्हणं, मेंढरं बघू."

वाघरात कळप दाटीने उभा होता. जाळीचं ते कुंपण फाटेल की काय, अशी गर्दी. प्रत्येकाच्या पाठीवर गेरूचा लाल ठिपका, ही आबांची खूण. आबांनी हात फिरवून सगळीकडे दाखवलं. "समदी घरची."

आणि माझ्या पोटात एकदम गुदगुल्या झाल्या, कारण मागच्या बाजूची मेंढरं बावरून, घरच्या कळपात न मिसळता उभी होती. मृणालचा दंड मी इतका दाबला की ती ओरडली. आबांनी पुन्हा टेकडीला वळसा घातला होता!

अमोल मेंढपाळाच्याच घरातला. तो कौतुकाने कळपात शिरला, एका मेंढीच्या पाठीवर हात फिरवला आणि थांबला. बोटांकडे बघितलं. लाल झाली होती. दुसऱ्या मेंढीच्या पाठीवर अंगठा घासला. ओल्या गेरूखालून निळा ठिपका वर आला. त्याने मान वर करून आबांकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि बोटं इस्त्रीच्या पँटला पुसली.

होणाऱ्या सासऱ्याला त्याच्याच वस्तीवर, चार माणसांत खोटं पाडायचं म्हणजे काय, हे आमच्याकडच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. सोयरीक तिथेच संपते. कोण बोलेल? 

"कशी हायत?" आबांनी विचारलं.

"आबा..." अमोल आबांसमोर येऊन उभा राहिला. "ही मागची तुमची न्हाईत."

"अमोल!" त्याची आई कळवळली.

"रंग वला हाय, आबा. खाली निळा हाय. ही उसनी हायत." त्याचे कान लालबुंद झाले होते. "आन् आता बोललोच हाय तर समदंच बोलतो. मला नोकरी न्हाई. परवा सोडली. सारिकानं फोटू धाडलं, मग मी सोता सगळं उघडून बघितलं. आमच्याकडं बी अशीच उसनी आणत्यात. आन् मी रोज फोनवर लोकास्नी सांगत हुतो, काळजी करू नगा, पाच स्टार हायत. सकाळधरनं तुमास्नी सांगायचं म्हनतोय, त्वांड उघडंना."

 अमोलच्या वडिलांनी नुसता मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. आणि आबा? आबांनी डोक्यावरचं लाल मुंडासं उपसलं आणि आकाशात भिरकावलं!

"आरं, ह्यो पोरगा मला कधीच फसवायचा न्हाई!" ते नाचायलाच लागले. "सारिके, साखर आण गं! डबाच आण!"

मुंडासं उलगडत खाली आलं ते एका मेंढीच्या शिंगांत अडकलं. मेंढी घाबरून उधळली, तिच्यामागे लांब लाल पट्टा, तो बघून बाकीची उधळली, वाघर आडवं झालं आणि सगळा कळप माळावर पसरला. आबा शूजसकट मागे, फौजी वडील "इकडं वळवा! इकडं!" म्हणून हुकूम सोडत, मृणाल साडी खोचून, आणि अमोलची आई सारिकाने हातात दिलेला साखरेचा डबा पोटाशी धरून मधोमध उभी. हसून हसून माझ्या बरगड्या दुखायला लागल्या. सारिकाही हसत होती, आणि मधेच पदराने डोळे पुसत होती. तिच्याकडे बघून माझ्या छातीवरचं ओझं उतरलं.

तेवढ्यात चुलतभाऊ आपली मेंढरं न्यायला आला, तर त्याची आणि आबांची सगळी एकात एक. निवडायची कशी? अमोलने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि बसला एकेकीची पाठ घासत. निळा निघाला की "ह्ये तुमचं," म्हणून चुलतभावाकडे ढकलायचा. लाल राहिला की सोडून द्यायचा.

मी बांधावर टेकले होते. खांद्याला हिसका बसला म्हणून मागे बघितलं, तर एक मेंढा माझ्या नव्या पर्सचा पट्टा तोंडात घेऊन निवांत उभा. तोंड काळं कुळकुळीत.

"अरे, हा कुणाचा?" मी ओरडले.

अमोलने मान वर केली, पाठीवरचा वाळलेला लाल ठिपका बघितला आणि तिथूनच ओरडला, "त्यो आमचा हाय, मॅडम!"

बोलून गेला आणि जागच्या जागी थिजला. दारात सारिकाने तोंडावर पदर धरला. आबांनी पळणं थांबवलं, धापा टाकत माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "ऐकलं का? आमचा म्हनतोय." त्यांचे डोळे भरून आले होते आणि पुसायला डोक्यावर मुंडासं नव्हतं.

मी पट्टा सोडवून घेतला नाही. म्हटलं, खाऊ दे.